सातचौकीचा मुखवटा

१

पहिल्या माळेच्या सकाळी सातचौकीच्या देवघरातलं कपाट उघडलं, तेव्हा आत लाल मखमलीची गादी होती आणि गादीवर मुखवट्याच्या वजनानं पडलेला खळगा होता. मुखवटा नव्हता. कपाटाचा कोयंडा उचकटून फळीला लोंबत होता. बाहेरच्या भिंतीतल्या खिडकीचे गज हात लावला की हलत होते, आणि त्या खिडकीच्या बाहेर आमची गवंडीकामाची परांची उभी होती.

एवढं पुरे झालं. दुपारच्या आत माझ्या करीमच्या दंडाला दोर लावून त्याला पागेच्या कोठडीत घातलं.

मी मलिका. आमच्या घराण्यानं सातचौकीच्या भिंती चार पिढ्या घोटल्या. लोक म्हणायचे, मलिकेची जीभ आणि मलिकेचा चुना, दोन्ही कातडी सोलतात. म्हणू देत. ज्यांना जीभ नसते त्यांची पोरं कोठडीतच राहतात.

सातचौकी म्हणजे हंबीरराव सरदारांचा शहरातला राजवाडा. नाव सातचौकी, पण चौक पाचच. मूळपुरुषानं सात आखले आणि पाच बांधून मेला. पुढच्या कोणाला दगड जमला नाही, पण नाव सोडायलाही कोणी तयार झालं नाही. पहिले दोन चौक काळ्या दगडाचे, दगडाला दगड असा बसवलेला की मध्ये केस जायचा नाही. तिसऱ्यात सागवानी खांब, सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले, आणि खांबाखांबात महिरपी. जुन्या दंग्यात तिथं आग लागली होती. खांब नवे आले, जोत्यांवरची काजळी मात्र कोणी घासली नाही. दिवाणखान्यात पाहुणा आला की सरदार ती बोट करून दाखवायचे. चौथा चौक राणीवशाचा, आणि त्याच्या पोटात देवघर. पाचवा पागेचा.

राणीवशात गोषा कडक. घरचे पुरुष सोडले तर परक्या बाप्याचं पाऊल तिथं पडायचं नाही, मग तो गवंडी असो की वैद्य. म्हणून बाहेरच्या अंगाचा गिलावा आमच्या पुरुषांनी परांचीवरून करायचा आणि आतल्या भिंती आम्ही बायकांनी घोटायच्या. ही आमच्या घरची रीत आणि हा आमच्या घरचा मान.

शाहू महाराजांचं राज्य होतं, जर्मनची लढाई चालू होती, आणि त्या साली नवरात्र आणि मोहरम एकाच अमावस्येच्या पाठीवर आले होते. एका गल्लीत घट, दुसऱ्या गल्लीत पंजा. आणि माझ्या घरात चुलीपाशी सुतक आल्यासारखी माणसं.

कारभारी गणपतरावांनी मला पहिल्या चौकात बोलावून घेतलं. बसा म्हणाले नाहीत.

"मलिकाबी, ही गोष्ट अजून घरातच हाय. दसऱ्याला देवीची पालखी निघाय पायजे, आणि मुखवट्याशिवाय आमची देवी उंबरा ओलांडत न्हाई. पोराला सांगा, कुठं ठेवलाय ते बोल म्हणावं."

"आणि त्यानं ठेवलाच नसला तर?"

"तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फौजदार. आणि तुमच्या घराला सातचौकीचा उंबरा बंद. मेल्यावर मातीला येणार असला तरी बंद."

त्यांच्या मागं विलायती सिमिटाची पोती रचलेली होती. पोत्यांकडं बघूनच मला कळलं की हा उंबरा कुणाला तरी बंद करायचाच होता. निमित्त तेवढं आज मिळालं.

"कारभारी," मी म्हटलं, "चोर तुम्ही शोधलेला न्हाई. जो जवळ उभा हुता त्याला धरलाय. आता मी शोधते."

ते हसले. "तुम्ही? राणीवशात?"

"तिथं तुमचं पाऊल पडत न्हाई. माझं पडतं."

हसू तिथंच वाळलं.

२

आधी पोराला भेटले. पागेच्या कोठडीत घोड्याच्या दाण्याचा वास होता. करीम भिंतीला टेकून बसलेला, डोळे सुजलेले.

"मारलं?"

"न्हाई. पाणी दिलं न्हाई." मी नेलेला तांब्या त्यानं रिकामा केला. "अम्मा, खिडकीचे गज मीच अमावस्येच्या आदल्या दिवशी बसवले. चुना ओला हुता. लहान पोरानं धरलं तरी हलणार. त्यात चोरी कसली?"

"आणि परांची?"

"वरची फळी मी अमावस्येच्या दुपारीच उतरवली. खालची आडवी लाकडं तेवढी राहिली. तिथनं खिडकीला हात पुरायला मी पाल हाय व्हय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "नजीरा जेवली का?"

ही माझ्या पोराची अक्कल. स्वतःच्या गळ्याशी दोर आणि चौकशी बायकोच्या भाकरीची.

परत येताना मी गणपतरावांना दारातच गाठलं आणि फळीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी, आणि मग म्हणाले, "पण कपाटाचा कोयंडा? तो पटाशीनं उचकटलाय. पटाशी कुणाकडं असती, मलिकाबी? वाण्याकडं?"

"अमावस्येला दिवस मावळायच्या आत आमची सगळी हत्यारं धुवून पंज्याच्या चबुतऱ्यावर जातात. थापी, पटाशी, गारगोट्या, चुन्याची मडकीसुद्धा. चांद कधी दिसायचा तो दिसो, आमची रीत ही. तिथनं दहा दिवस चुन्याला हात न्हाई. साऱ्या गल्लीनं बघितलीत ती हत्यारं."

"गल्ली तुमचीच की."

गरिबाचा साक्षीदार नेहमी त्याच्याच गल्लीत राहतो.

पण त्यांच्या बोलण्यातनं मला एक धागा मिळाला. मुखवटा अमावस्येच्या दिवेलागणीपर्यंत होता, कारण देवघर राखणाऱ्या धोंडुबाईनं तो पुसून कपाटात ठेवला होता. म्हणजे चोरी झाली ती आमची हत्यारं धुवून झाल्यावर. मग कोयंडा उचकटला कशानं? तो डोळ्यांनी बघायला पाहिजे होता.

३

धोंडुबाई देवघराची राखणदार. जाड अंगाची, पायात वात भरलेला, आणि तोंडात आक्कासाहेबांच्या नावाशिवाय दुसरं नाव नाही. आक्कासाहेब म्हणजे थोरल्या सरदारांच्या विधवा. हंबीरराव त्यांचे दत्तक.

"या मलिकाबी," धोंडुबाई म्हणाली, "पण उंबऱ्याच्या अलीकडंच. घट बसलाय."

"ठाऊक हाय. तुझ्या जन्माआधी आम्ही ह्या उंबऱ्याला चुना लावलाय."

उंबऱ्यावर बसून मी आत पाहिलं. देवीपुढं नंदादीप होता आणि आमच्या घोटलेल्या भिंतीत तोच दिवा चारी बाजूंनी तेवत होता. आरसा काय दाखवील! अशी भिंत सिमिटाची होत नाही. सिमिट म्हणजे मढ्याच्या तोंडाचा रंग.

कपाट दाराजवळच होतं. कोयंड्याभोवतीचं लाकूड चेंगरलं होतं. पटाशी लाकूड कापते, चेंगरत नाही. हे काम कुठल्या तरी बोथट, दोन पानी वस्तूचं होतं. दोन्ही बाजूंनी चिमटा काढल्यासारखे वळ होते.

"धोंडुबाई, त्या संध्याकाळी इथं कोण आलं हुतं?"

"कोण येतंय? आक्कासाहेब हुत्या. मी हुते. तुमची सून मागं राहिली हुती, सांडलेला चुना पुसायला."

ते मला माहीतच होतं. मीच तिला ठेवून गेले होते.

"तू कुठं हुतीस?"

"आक्कासाहेबांनी मला तुळशीपुढं दिवा लावाय पाठवलं." एवढं बोलून तिनं जीभ चावली, आणि मग उगाचच पदर सारखा केला. "तुम्ही काय माझीच उलटतपासणी घेताय? चोर घावलाय की!"

माझं लक्ष दुसरीकडं गेलं होतं.

देवीपुढं केळीच्या पानावर नैवेद्य होता, गोड खीर. तांबड्या मुंग्यांची रांग उंबऱ्याच्या कोपऱ्यातनं निघून त्या पानाजवळनं गेली आणि खिरीला तोंडही न लावता पुढं सरकली. देवीच्या डाव्या हाताच्या भिंतीवर चढली. छातीइतक्या उंचीला, वितभर जागेत, त्या मुंग्या दाटल्या होत्या.

खीर सोडून मुंगी भिंत चाटत नाही. आणि माझी भिंत तर नाहीच नाही.

४

त्या मुंग्या मी दोनदा बघितल्या. का, ते सांगते.

आमच्या गिलाव्याचे थर दोन. आतला जाड. त्यात चुना, वाळू, तागाचे तुकडे आणि गुळाचं पाणी. गुळानं तो धरून राहतो. वरचा पातळ, त्यात चुना आणि संगमरवराची भुकटी. त्यात आम्ही गूळ घालत नाही, भिंत पिवळी पडते. तो थर गारगोटीनं घोटून घोटून असा दाबायचा की आतल्याचा वास बाहेर येत नाही. वरनं खोबरेलाचा हात. मुंगीला काय कळणार त्याच्यामागं गूळ आहे म्हणून?

म्हणजे त्या वितभर जागेत आतलाच थर उघड्यावर होता. वर नुसती चुन्याची पांढरी निवळी फिरवलेली. दिव्याच्या उजेडात कुणाला ओळखू आलं नसतं.

आणि ती जागा माझ्या ओळखीची होती. सातचौकीच्या मूळ गवंड्यानं भिंतीत ठरावीक अंतरावर चौकोनी खोबण्या सोडल्यात, आरपार. परांचीची आडवी लाकडं त्यात शिरवायची. काम संपलं की खोबण बुजवायची, पुढच्या पिढीला लागली की पुन्हा फोडायची. भिंत वर्षानुवर्षं टिकवायची तर तिला हात लावायला जागा ठेवावी लागते, हे त्या माणसाला कळत होतं. देवघराच्या भिंतीतली शेवटची खोबण अमावस्येच्या दुपारी मोकळी झाली, कारण करीमनं वरची फळी उतरवून लाकूड काढून घेतलं होतं. बाहेरून त्यानं दगड लावून तोंड बंद केलं. आतून मी बुजवली. वरचा थर लावला, माझ्या हातानं घोटली, आणि मग हत्यारं धुवायला निघाले.

मी घोटलेली जागा मुंगीला सापडत नाही. म्हणजे माझ्यामागं कुणीतरी ती फोडली आणि पुन्हा बुजवली. ओल्या चुन्याची खोबण फोडायला चमचा पुरतो.

पुन्हा बुजवताना त्या माणसाला वरचा थर मिळाला नाही. का? वरच्या थराची मडकी धुवून चबुतऱ्यावर पालथी पडली होती. गारगोटीही तिथंच. आतल्या थराचा चुना मात्र पागेच्या हौदात ओलीवर होता, तो कोणालाही उचलता आला असता. हत्यार नाही म्हणून तळव्यानंच थापला. परक्या चोरानं हे केलं नसतं. त्याला खोबण ठाऊक नाही. ठाऊक असती तरी त्यानं दारातलं सिमिट उचललं असतं.

खोबण जाणणारा आणि चुना जाणणारा माणूस. त्यातही राणीवशात जाता येणारा, म्हणजे बाई.

माझ्या घरात चुन्याला हात लावणाऱ्या आम्ही तिघी. मी, माझी जाऊ मेहमुदा, आणि नजीरा. दिवस मावळताना मी आणि मेहमुदा चबुतऱ्यापाशी मडकी पालथी घालत होतो. साऱ्या गल्लीनं बघितलं.

तिसरी तिथं नव्हती.

५

नजीरा परड्यात लाकडं फोडत होती. मी तिच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

"तळवा दाखव."

तिनं हात मागं नेला. मी मनगट धरून ओढला. ओल्या चुन्यानं हात उलला होता, भेगांत अजून पांढरं. थापीनं काम करणाऱ्या बाईचा तळवा असा उलत नाही.

"मुखवटा खोबणीत हाय," मी म्हटलं. "विचारत न्हाई, सांगते."

ती फोडलेल्या लाकडांवर बसली. रडली नाही. ह्या पोरीचं हेच मला कधी आवडलं नाही आणि आवडायचंही हेच.

"आक्कासाहेबांनी पदर पसरला, अम्मा. माझ्यापुढं. मी चुन्याची पाटी घेऊन उभी, आणि त्या खाली वाकलेल्या."

"आणि तू पाघळलीस."

"दसऱ्याला सरकार देवीला नव्या बंगल्यात नेणार हाईत. मग राणीवसा पाडायचा, तिथं सिमिटाचा हॉल. तुम्ही सिमिटाची पोती बघितलीसा न्हवं? मुखवटा नसला की देवी उंबरा ओलांडत न्हाई. देवी न्हाई हालली तर वाडा पाडाय येत न्हाई. वाडा ऱ्हायला तर आपलं काम ऱ्हातंय. मी करीमसाठीच केलं, अम्मा."

"करीमसाठी! म्हणून त्याला कोठडीत बसवलास?"

"मला काय ठाऊक त्याला धरतील म्हणून! त्या म्हणल्या, कोणाचं नाव येणार न्हाई. कोयंडा नंतर त्यांनीच उचकटला, चोरी वाटावी म्हणून. मी परवा गेले हुते. पाय धरले. त्या म्हणल्या, दसरा होऊ दे, मी शब्द टाकते."

"मग आत्ता जाऊन कारभाऱ्याला सांग."

"न्हाई सांगता येत." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पंज्याची शपथ घेतलीय. त्यांचं नाव माझ्या तोंडातनं येणार न्हाई. ह्या दहा दिवसांत मोडू शपथ?"

मी तिच्या मुस्काटात मारणार होते. हात उचललाही होता. पण मोहरमच्या दिवसांत पंज्याची शपथ मोड, असं मी तरी कुठल्या तोंडानं सांगणार?

"तू गप बस," मी म्हटलं. "तुझ्या वाटणीचं मी बोलते."

६

आक्कासाहेब जाळीदार सज्जात बसल्या होत्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, पुढ्यात पानाचा डबा. सुपारी फोडायला चांदीच्या मुठीचा अडकित्ता हातात घेतला, आणि माझी नजर त्याच्या टोकावर गेली. दोन पानांतलं एक पान टोकाला वाकलं होतं.

"बस, मलिका. तुझ्या मुलाचं ऐकून वाईट वाटलं."

"वाईट वाटतंय तर सोडवा की, आक्कासाहेब. अडकित्त्यानं कोयंडा निघतो, तर एका शब्दानं कोठडी निघंल."

त्यांनी सुपारी फोडली. हात जराही हलला नाही. खानदान म्हणतात ते हेच असावं. मी त्यांना दाद दिली असती, पण कोठडीत माझं रक्त होतं.

"तू हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "म्हणून तुला कळेल. मी नवरी होऊन मेण्यात बसून आले. मेण्याला पडदे. तेव्हापासून बाहेर गेले ती पडद्यातच. मलिका, या वाड्याची दर्शनी कमान मी अजून पाहिलेली नाही. कशी आहे ग?"

मला हे विचारतील असं वाटलं नव्हतं. "काळ्या दगडाची हाय. वर मोरांची जोडी. माझ्या आजेसासऱ्यानं गिलाव्यात काढलीय."

"मोर आहेत होय." त्यांनी पानाचा देठ खुडला. "माझं सगळं आयुष्य या एका चौकात गेलं. तो चौक हंबीररावांना मोकळी जागा वाटतो. बंगल्यात मला मागची खोली दिली आहे, न्हाणीघराशेजारी. देवी इथे राहिली तर मी इथे राहीन. तुझा चुनासुद्धा इथे राहील. मुखवटा निघाला की सगळंच निघालं."

"आणि करीम?"

"फौजदार चार दिवस ठेवील. पुरावा नाही म्हणून सोडील."

"फौजदार काय करतो ते तुम्हाला पडद्यातनं दिसत न्हाई. आमच्या गल्लीतला एक गडी असाच चार दिवसांसाठी गेलता. परत आला तो नखं नसलेले हात घेऊन. नखाशिवाय चुना वढाय येतो व्हय?"

आक्कासाहेबांनी पानाला चुना लावला, माझ्याकडं न बघता.

"मोठ्या गोष्टीसाठी कुणाचं तरी थोडं जातंच, मलिका."

"जातंय ते नेहमी आमचंच कसं जातंय, आक्कासाहेब?"

त्यांनी पान तोंडात घातलं. मी उठले. दारापाशी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "भिंत फोडलीस तर तुला वाटतं तसं होणार नाही." धमकी नव्हती ती. वय झालेली बाई दुसरीला सांगते तसं सांगितलं. मी ऐकलं नाही.

७

अष्टमीच्या सकाळच्या आरतीला सगळं घर देवघरापुढं जमलं. हंबीरराव पुढं, रेशमी कद नेसलेले, विलायती घड्याळ मनगटाला. घरचा देव म्हणून त्या दिवशी कारभाऱ्यालाही देवघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ देत. आक्कासाहेब पडद्याआड. मी नजीराला बरोबर नेलं, कारण तिला घरी एकटी ठेवायची माझी छाती नव्हती.

आरती संपली आणि मी बोलले.

"सरकार, मुखवटा ह्या खोलीच्या बाहेर गेलाच न्हाई. देवीच्या डाव्या भिंतीत हाय."

हंबीररावांनी कारभाऱ्याकडं पाहिलं. गणपतराव म्हणाले, "नवरात्रात देवघराची भिंत फोडायची, तेही हिच्या बोलण्यावर? कशावरनं?"

कशावरनं! मला विचारलं कशावरनं! मग मी सांगितलं. मुंग्या दाखवल्या. खीर दाखवली. आतला थर, वरचा थर, धुतलेली मडकी, पागेच्या हौदातला चुना, तळव्याची थाप, सगळं एकाखाली एक. परका चोर का नव्हे ते सांगितलं. पुरुष का नव्हे ते सांगितलं. वरची फळी, ओले गज, चेंगरलेलं लाकूड. शाळेत गेलेल्या माणसाला जमलं नसतं असं मी बोलले. हंबीरराव ऐकताना घड्याळ बघायचे विसरले.

"फोडा," ते म्हणाले.

आम्हाला उंबरा ओलांडायचा नव्हता आणि चुन्याला हातही लावायचा नव्हता. धोंडुबाईनं बत्ता घेतला. दोन घावांत भिंत ढासळली, कारण आतला थर अजून कच्चा होता. तिनं हात आत घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. फडकं सुटलं. देवीच्या सोन्याच्या तोंडावर चुना लागला होता आणि डोळे तेवढे चमकत होते.

बायकांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, पण छाती भरून आली.

"आता पोराला सोडा," मी म्हटलं. "आणि हे कुणी करवलं ते ऐका. कोयंडा पटाशीनं न्हाई, अडकित्त्यानं उचकटलाय. आक्कासाहेबांच्या अडकित्त्याचं टोक वाकलंय, बघा."

पडद्याआडून आक्कासाहेबांचा आवाज आला, "धोंडु, डबा दे त्यांना."

धोंडुबाईनं पानाचा डबा आणून उघडला. अडकित्ता होता. चांदीची मूठ, सरळ टोक, धार कोरी. सुपारीचा डागसुद्धा नव्हता त्यावर.

गणपतरावांनी तो बोटांत फिरवला आणि मला म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "मलिकाबी, सरदारांच्या विधवेनं भिंत बुजवली म्हणता? आक्कासाहेबांना चुना कालवता येतो?"

"त्यांनी बुजवली असं मी म्हटलं न्हाई. त्यांनी करवलं."

"कुणाकडनं? तुम्हीच आत्ता सांगितलंसा की. खोबण ठाऊक, चुना ठाऊक, राणीवशात जाणारी बाई, आणि दिवस मावळल्यावर इथं हजर. तुम्ही चबुतऱ्यापाशी. तुमची जाऊ चबुतऱ्यापाशी." त्यांनी मान वळवली. "मग ही पोरगी कुठं हुती?"

माझ्याच शब्दांची दोरी त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत वळली. एक पीळसुद्धा त्यांना घालावा लागला नाही.

"धोंडुबाई, तूच म्हणालीस, आक्कासाहेबांनी तुला तुळशीकडं पाठवलं!" मी ओरडले. "बोल की गं!"

"मी असं कधी म्हणले?" धोंडुबाई भिंतीकडं बघत म्हणाली. "तुळशीपुढं मी रोज माझी मीच जाते."

"नजीरा, तू बोल! पंजा मला लागू दे, शपथ माझ्या डोक्यावर. बोल!"

नजीरानं पडद्याकडं पाहिलं. पडदा हलला नाही. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि ओंजळ पुढं धरल्यासारखे दोन्ही तळवे उघडून दाखवले, उललेले, भेगांत चुना भरलेले.

"मुखवटा मीच ठेवला," ती म्हणाली. त्याच्यापुढं एक शब्द नाही.

८

करीमला दुपारी सोडलं. हंबीररावांनी मोठेपणानं त्याला नवा रुमाल बांधला, आणि आमच्या घराचा उंबरा उघडा राहील असंही सांगितलं. कुठला उंबरा? दसऱ्याला देवी पालखीत बसून बंगल्यात गेली. दिवाळीनंतर राणीवशाची कौलं उतरली. सज्जाची ती लाकडी जाळी कुणीतरी सरपणाला नेली. आक्कासाहेबही बंगल्यात गेल्या, न्हाणीघराशेजारच्या खोलीत. मेण्यात बसल्या तेव्हा पडदे सोडलेले होते, आणि मेणा मागच्या दारानं गेला.

लोक मला अजून म्हणतात, मलिकाबी, तू घाई केलीस. मी घाई केली नाही. माझ्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं, मुंगीपासून मुखवट्यापर्यंत. खोटं बोलल्या त्या आक्कासाहेब आणि धोंडुबाई, आणि त्या दोघी घरी झोपल्या. खऱ्याला राजवाड्यात उभं राहायला जागा नसते. त्या मूळ गवंड्यानं परांचीला खोबण सोडली, पण तेवढी जागा काही सोडली नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी करीम पागेच्या दारातनं बाहेर आला, तेव्हा उन्हानं त्याचे डोळे मिटले होते. मी पुढं झाले. त्याच्या हाताची बोटं बघितली, नखं होती. दहाच्या दहा. मी अल्लाचं नाव घेतलं.

"घरी चल," मी म्हटलं.

त्यानं डोळे उघडले. माझ्या मागं कोण आहे ते पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"नजीरा कुठाय?"

मला आयुष्यात शब्द कमी पडलेला कोणी पाहिला नाही. मी उभी राहिले. त्यानं पुन्हा विचारलं, आणि तेवढ्यात पहिल्या चौकातनं फौजदाराचे दोन शिपाई बाहेर पडले. त्यांच्यामध्ये ती होती, डोक्यावर पदर, हात पुढं बांधलेले. करीमनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

मग नवा रुमाल डोक्यावरनं काढून त्यानं माझ्या हातात दिला, आणि शिपायांच्या मागं चालू लागला.